बिनअक्षराची खोली

मंगळवार, ६ तारीख

नाही हो, मी कशालाही हात लावला नाही. आधी ऐकून तर घ्या! काही बिघडलं की पहिला संशय माझ्यावर, ही तुमची जुनी खोड. इस्त्री जळली, हिने जाळली. नळ गळतो, हिने पिळला. आता तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली तरी तेच.

झालं असं की अर्जाचे फोटो आपण ज्या साइटवर चढवतो ना, तिने मला कधीचं बजावून ठेवलं होतं. तुमच्या कॉम्प्युटरची सिस्टीम जुनी झाली, महिनाअखेरपासून चालणार नाही, नवी घाला. मी म्हटलं घालू. सकाळी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून अपग्रेडवर टिचकी मारली आणि चहा घेऊन समोर बसले. गोल गोल फिरतंय आपलं. निम्मं झालं, पाऊण झालं. मी मनात म्हटलं, बघा, कॉम्प्युटरला बोटही लावू द्यायचे नाहीत आणि आता मीच सिस्टीम बदलतेय. तेवढ्यात पडदा निळा. वर पांढऱ्या अक्षरांत, डिस्कच्या पार्टिशनमध्ये अडचण आहे, पुढे जाता येत नाही. मग ते आपलं आपणच मागे फिरलं आणि पुन्हा जुन्यावर येऊन बसलं. रुसून घराबाहेर पडलेली बाई कोपऱ्यावरून परत यावी तसं. चहासुद्धा मला संपवता आला नाही. हल्ली घास काय नि घोट काय, जरा अडकतच जातो.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

दुपारी लेकीचा फोन. मी गप्प राहायला हवं होतं, पण तोंडाला कुलूप कुठे? सांगून बसले. ती म्हणाली, "आई, बास झालं आता. तू एकटी, ते दुकान जुनं, तो डबा त्याहून जुना. महिनाअखेर चालू झालं नाही तर मी येते, दुकानाला कुलूप घालते आणि तुला इकडे घेऊन येते."

"आणि बाबांचा कॅमेरा?"

"तो पण आण. कपाटात ठेवू."

कपाटात म्हणे! तुम्हालाच कपाटात ठेवल्यासारखं वाटलं मला.

तेव्हा महिनाअखेर. त्याच्या आत हे चालू झालं पाहिजे. नाहीतर तुमचा स्टुडिओ गेला आणि मीही गेले लेकीच्या मागच्या खोलीत.

(ही डायरी तुम्हाला कुठल्याशा गिऱ्हाइकाने दिलेली. एक पान लिहिलं नाहीत. मी लिहिते.)


बुधवार, ७ तारीख

कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई आली. मला वाटलं होतं कुणी तरी पोरगेलासा येईल. ही चाळिशीची, जाडजूड, चष्मा कपाळावर. तोंडात शब्द मोजून. मी तिचं नाव डॉक्टरीणबाई ठेवलं. म्हटलं, "डॉक्टरीणबाई, पेशंट जुना आहे, जपून."

"जुनाच असतो, मावशी. नवा कुणी मला बोलावतो का?"

आवडली मला.

तिने खुर्ची ओढली, आणि डिस्कचं चित्र काढून दाखवलं. आडवी पट्टी, तिचे तुकडे. म्हणाली, डिस्क एकच असते पण तिचे भाग पाडलेले असतात, त्याला पार्टिशन म्हणतात.

मी म्हटलं, "भिंत घालतात का मध्ये?"

"भिंत नाही. नुसती नोंद असते. इथून इथपर्यंत हा, तिथून पुढे तो."

मग मला कळलं. आमच्या गावच्या शाळेत खोली एकच होती, वर्ग चार. चार कोपऱ्यांत चार. मास्तर सकाळी खडूने जमिनीवर रेघा मारायचे, इकडे पहिली, तिकडे दुसरी. पहिलीचा पोरगा रेघ ओलांडून दुसरीत बसला की छडी. मी रोज ओलांडायचे. डॉक्टरीणबाईला सांगितलं तर ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "अगदी तेच. खडूची रेघ. काही रेघा पुसट झाल्या असतील, म्हणून नव्या मास्तरला वर्ग सापडत नाहीयेत."

"आणि रेघ पुसली तर पोरं कुठे जातात?"

"पोरं तिथेच असतात. फक्त कुणी त्यांची हजेरी घेत नाही."

कशी बोलली बघा. 

तिने डिस्कची तपासणी लावून दिली, रात्रभर चालेल म्हणाली, काही बंद करू नका. ती निघाली तेव्हा दुकान बंद करायची वेळ झाली होती. मी रोजच्यासारखी फोटोच्या बाकावर जरा टेकले. दिवसभरात उभं राहून पाय भरून येतात, आणि तुम्हाला दिवसाची बातमी द्यायची असते. शेजारचा शिंपी काय म्हणाला, कोण पोरगी फोटोत डोळे मिटून बसली. तेवढ्यात नेहमीसारखं 'चट्' वाजलं. ते माहीत आहे ना तुम्हाला? लाकडी कपाट वाजतं ते. दिवसभर दिव्यांनी तापतं आणि दिवे उतरले की एकदा वाजतं. पहिल्यांदा मी दचकायचे. आता मी त्याला 'हो' म्हणते.


शनिवार, १० तारीख

डॉक्टरीणबाई दोन दिवस आलीच नाही, सर्दी. आज आली तर नाकाला रुमाल. तपासणीत पुसट रेघा सापडल्या, त्या तिने नीट केल्या. पुन्हा अपग्रेड लावलं. दोघी पडद्याकडे बघत बसलो, बाळंतपणाच्या खोलीबाहेर बसावं तशा. पाऊण झालं. निळा पडदा.

"हात्तिच्या!" मी म्हटलं.

तिने बरंच खुटखुट केलं. मग खुर्ची मागे सारून म्हणाली, "मावशी, दुखणं वेगळंच आहे. तुमची वाटणी जुन्या पद्धतीची आहे. जुन्या पद्धतीत एका डिस्कवर चारच मोठे भाग पाडता येतात. नव्या सिस्टीमला वाटणी नव्या पद्धतीने करायला हवी, आणि ते करताना तिला स्वतःला बसायला एक जागा लागते. इथे चारही भरलेत. बसणार कुठे?"

"मग एकाला उठवायचं."

"हो. एक भाग काढायचा. मी तेच बघतेय कुठला."

तिने बोट ठेवून सांगितलं. पहिला छोटा, कॉम्प्युटर चालू व्हायची किल्ली असलेला. दुसरा सिस्टीमचा. तिसऱ्यात गिऱ्हाइकांचे फोटो, तो मी रोज उघडते. प्रत्येकाला एकेक इंग्रजी अक्षर. चौथा शेवटाला. त्याला अक्षरच नाही.

"म्हणजे रिकामा," मी म्हटलं.

"रिकामा नाही. अक्षर नसलं की तो दिसत नाही, एवढंच. कुणीतरी मुद्दाम काढून टाकलंय. काका कॉम्प्युटर स्वतः बघायचे का?"

"दुसऱ्या कुणाला बघू द्यायचे नाहीत."

ती म्हणाली, काकांचं काही असेल, जुनं. मग चष्मा खाली घेऊन पडद्याच्या जवळ गेली आणि तिथेच राहिली. मी विचारलं काय झालं. म्हणाली, "काही नाही. मी बुधवारी या भागाचा आकडा लिहून घेतला होता. आज तो थोडा वाढलाय."

"वाढलाय म्हणजे?"

"म्हणजे यात कुणीतरी काहीतरी ठेवतंय, मावशी. अजून."

दोघी हसलो. खरं सांगायचं तर ती हसली म्हणून मी हसले. दुकानात दोघीच. बाहेर शिंप्याचं मशीन धडधडत होतं, तेवढाच आवाज.

ती म्हणाली मंगळवारी मोठी डिस्क घेऊन येते, आधी त्यातलं सगळं दुसरीकडे उतरवून घेऊ, मग तो भाग पुसू. मी म्हटलं, चालेल. ती गेल्यावर मी कॉम्प्युटर लगेच बंद केला. बातमी देत बसले नाही. रागावू नका.


रविवार, ११ तारीख

दुकान बंद. तरी एकदा जाऊन आले. काही नव्हतं. धूळ होती.

शिंप्याकडे कपडे आत घ्यायला दिले होते, ते आणले. म्हणतो, "वहिनी, अजून आत घेतले तर कापड दोन्हीकडून एकमेकांना भेटेल." मी म्हटलं, "भेटू दे की, कुणाची तरी भेट होतेय." तो हसला नाही. हल्ली कुणी माझ्या विनोदाला हसत नाही, विनोद नाहीतर मी, काहीतरी शिळं झालंय.

त्या बिनअक्षराच्या खोलीत काही ठेवणारे तुम्ही नव्हता ना? मी आपलं विचारून ठेवते.


मंगळवार, १३ तारीख

उघडली.

डॉक्टरीणबाईने सकाळी नवी डिस्क जोडली. म्हणाली, आत जायचं तर आधी त्याला अक्षर द्यावं लागतं, कुठलं देऊ? मी म्हटलं, जे मोकळं असेल ते दे, बारसं थोडंच आहे. तिने दिलं. एक फोल्डर. आत फोटो. रोजचा एक, तारखेनुसार ओळीने. शेवट दिसेना इतके.

तिने पहिला उघडला. तुम्ही.

बाकावर बसलेले, नेमके मधोमध, हात गुडघ्यांवर. मागे निळा पडदा. तोंडावर तो भाव, मला हिशोब विचारताना असायचा तो. मी इतकी जोरात हसले की डॉक्टरीणबाई दचकली. "बघ बघ," मी म्हटलं, "रोज दुकान बंद करताना म्हणायचे, तू हो पुढे, मी दिवे तपासून येतो. मला वाटायचं चोरून सिगारेट ओढतात. हे तर स्वतःचेच फोटो काढत होते! नटवे!"

"दिव्यांची चाचणीच असेल, मावशी. बघा ना, कॅमेऱ्याला केबल आहे, कॉम्प्युटरला जोडलेला आहे. त्यांनी वेळ लावून ठेवली असणार. दुकान बंद व्हायच्या वेळेला कॅमेरा आपोआप एक फोटो घेतो आणि इथे ठेवतो. एक मोठा दिवा, एक छोटा, समोर माणूस. त्यावरून उजेड कळतो."

पटलं मला. उजेडाचं वेड होतंच तुम्हाला. पण मग तुमची मान वाकडी का? लोकांना तर आयुष्यभर म्हणालात, मान सरळ, हनुवटी खाली. आणि स्वतः मान उजवीकडे वळवून, शर्टाच्या गळ्याचं बटण सोडून बसलेले. कानातलं दाखवायला बाई बसते तसे. ते बटण सकाळी मी लावून द्यायचे. मी डॉक्टरीणबाईला म्हटलं, "आणि डावा दिवा कधीच नीट लावता आला नाही ह्यांना. बघ कानाखाली कशी सावली पडलीय."

ती म्हणाली, "पुढे घेऊ?"

ती पुढे घेत गेली. शर्ट बदलत गेले. कधी चष्मा, कधी नाही. सावली होती तिथेच.

मग मोठी झाली.

मी म्हटलं पुरे. फोटो उतरवून घ्यायला तासन्‌तास लागतील म्हणाली, लावून गेली. मी दुकान लवकर बंद केलं. बाकावर बसले नाही.


बुधवार, १४ तारीख

सावली नव्हती ती.

'अचानक गेले' असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले, दारात येईल त्याला. काल होते, आज नाहीत. दवाखान्यात नेलं तेव्हा तिथला डॉक्टर म्हणाला, बाई, हे आजचं नाही, बरेच दिवसांचं आहे. मी त्याला म्हटलं, तुम्ही काल जन्मलात, तुम्हाला काय कळतंय. त्याने बिचाऱ्याने मान खाली घातली.

दिव्यांची चाचणी! तुम्ही तिचा फोटो काढत होता. रोज बाकावर बसून, बटण सोडून, आज केवढी झाली ते बघायला. आणि आत येऊन जेवायला बसायचात आणि म्हणायचात, मीठ कमी आहे. कमी नव्हतं हो मीठ. मी पुन्हा घालायचे.

बायको दोन भिंतींपलीकडे होती. कॅमेऱ्याला दाखवलीत, मला नाही.

आज तुमच्याशी बोलणार नाही.


गुरुवार, १५ तारीख

बोलावंच लागतंय. दुसरं कोण आहे?

डॉक्टरीणबाई आली तेव्हा फोटो उतरले होते. ती म्हणाली, सगळे नीट आलेत का एकदा बघून घेऊ, मग भाग पुसते. पुसल्यावर परत नाही. मी म्हटलं, शेवटून बघ, मला ते मधले नकोत. तिने सगळ्यात शेवटचा उघडला.

बाक, निळा पडदा, आणि बाकावर मी.

सोमवारची, डिस्क जोडायच्या आदल्या दिवसाची. तोच कुर्ता, शिंप्याने आत घेतलेला. बाकाच्या एका टोकाला सरकून बसलेली, शेजारची जागा रिकामी सोडून. तोंड उघडं. त्याच्या आधीचा, मी. त्याच्या आधीचा, मी. सगळ्या फोटोंत तोंड उघडं, मी बातमी देतेय ना! मला हसायलाच आलं. दोन वर्षं बडबड आणि कॅमेऱ्याने एक शब्द घेतला नाही.

मग ते 'चट्' काय होतं ते कळलं. कपाट नव्हतं. मी इतके दिवस कॅमेऱ्याला 'हो' म्हणत होते.

"कुणी बंद केलंच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "काका गेले, वेळ तशीच लावलेली राहिली. कॉम्प्युटर चालू असला की घेतो तो." समजावून सांगत होती, पण आवाज तिचा नेहमीचा नव्हता. मग विचारलं, "मावशी, तुम्ही इथे कुणाकडे बघताय?"

मी बघितलं. खरंच, एकाही फोटोत माझी नजर कॅमेऱ्यात नाही. जरा वर, कॅमेऱ्याच्या मागे. तिथे कुणी उभं असलं तर त्याच्या डोळ्यांकडे बघावं तशी. रोज त्याच जागी. बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही.

"ह्यांच्याकडे," मी म्हटलं. "फोटो काढताना तिथेच उभे राहायचे."

डॉक्टरीणबाईने मागे वळून बघितलं. मी चिडवलं तिला, "का गं, दिसले का? कसे आहेत?" ती हसली नाही. खुर्ची मात्र भिंतीकडे सरकवून घेतली.

तिने मग सगळे भराभर पळवले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, राहिलेत का मध्ये कुठले ते बघायला. मी नको म्हणायच्या आत. कसं दिसलं सांगू? तुम्ही बाकावर आहात. गाल आत जातायत, खांद्याची हाडं वर येतायत, शर्ट मोठा होत चाललाय. मग बाक रिकामा. रिकामा. रिकामा. मग मी बसलेय, गुटगुटीत, रडून डोळे सुजलेली. आणि मग माझे गाल आत जातायत. एकच माणूस हडकत हडकत संपलं, कपडे बदलून परत आलं, आणि पुन्हा हडकायला लागलं. तसंच.

मी म्हटलं, "नवऱ्यामागे भूक मेली माझी. बघ, प्रेम किती होतं ते!"

तिने पडदा थांबवला. कालपरवाच्या फोटोवर. मग मागे गेली. मागे, मागे. प्रत्येक फोटोत माझा एक हात वर आहे. कानाखाली, मानेवर. बोलतेय आणि हात तिथे.

"मावशी, हा हात?"

"कानातलं सैल झालंय."

"आज कानात काही नाहीये तुमच्या."

मी बघितलं तर आत्ताही हात तिथेच होता.

"काढा बरं हात," ती म्हणाली. जोरात नाही. माझ्या लेकीच्या वयाची नाही ती, पण त्या वेळी तशीच वाटली.

मी म्हटलं, "डॉक्टरीणबाई, तुला मी पेशंट म्हणून कोण दाखवला होता? तो. तो बरा कर. दुकान बंद करायची वेळ झाली."

वेळ झाली नव्हती. बाहेर चांगलं ऊन होतं. ती उठली, पिशवी घेतली, दारापर्यंत गेली आणि परत आली. म्हणाली, "माझी थोरली जाऊ अशीच हात लावून शेवटपर्यंत म्हणत होती, दातदुखी आहे." आणि गेली.


शनिवार, १७ तारीख

आज पुसलं.

डॉक्टरीणबाईने विचारलं, पुसू? मी म्हटलं, पुस. तिने म्हटलं, बटण तुम्ही दाबा, मावशी, तुमचं आहे. मशीन विचारतं हो, खात्री आहे का? मग आणखी एकदा विचारतं, नक्की का? लग्नात मला एकदाही कुणी विचारलं नव्हतं. दाबलं. पट्टीवरचा शेवटचा तुकडा काळा झाला, झालं. आवाज नाही, काही नाही.

मग तिने वाटणी नव्या पद्धतीची केली. या वेळी मशीन काही बोललं नाही, मुकाट्याने आपली जागा घेतली. मग अपग्रेड. निम्मं. पाऊण. आम्ही दोघी पडद्याला डोळे लावून. पाऊणच्या पुढे गेलं! बंद झालं, चालू झालं, पुन्हा बंद झालं, आणि मग नवा पडदा आला. अनोळखी, चकचकीत. साइट उघडली. मी शिंप्याला हाक मारून बाकावर बसवलं, मान सरळ, हनुवटी खाली, फोटो काढला आणि चढवला. घेतला! हिरवी खूण आली. शिंपी म्हणाला, "माझा कशाचा अर्ज भरलात वहिनी?" मी म्हटलं, "लग्नाचा."

लेकीला फोन केला. "झालं, चालू झालं, तुझं कुलूप तुझ्याकडेच ठेव." ती खूश झाली असावी.  मग म्हणाली, "आवाज का बसलाय तुझा?"

"दिवसभर बडबड. नवीन आहे का?"

"मागच्या वेळीही बसलेला होता, आई."

मी म्हटलं, गिऱ्हाईक आलं. नव्हतं आलं.

डॉक्टरीणबाईने फोटोंची डिस्क माझ्या हातात दिली. विचारलं, "एक प्रत लेकीकडे देऊ? असू द्यावी दोन ठिकाणी. कुठलीही गोष्ट एकाच जागी ठेवू नये." मी म्हटलं, तिला कशाला. ती म्हणाली, बरं. आणि म्हणाली, बुधवारी सकाळी येते, मशीन कसं चाललंय बघायला. मशीन उत्तम चाललंय. मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. येताना गाडी घेऊन येते म्हणाली. मशीन बघायला गाडी कशाला लागते हो?


सोमवार, १९ तारीख

आज दिवसभर गर्दी. एका आजोबांनी फोटोत हसायचं नाही म्हटल्यावर इतका राग केला की मला पंधरा वेळा काढावा लागला. एक बाळ बाकावर झोपलं ते उठेचना, झोपलेल्याचा फोटो साइट घेत नाही. अशा बातम्या.

बंद करायच्या वेळी बाकावर बसले. तुम्हाला सगळं सांगितलं. वाट बघत बसले.

चट् झालं नाही.

होणार नव्हतंच, मला कळतं. वेळ लावणारं जे होतं ते जुन्या सिस्टीमबरोबर गेलं, खोलीही गेली. पण खरं सांगते, दुकानात इतकं गप्प कधीच नव्हतं. कॅमेऱ्याच्या मागे बघितलं, त्या जागी. भिंत. स्विचबोर्ड. एवढंच होतं तिथे. इतके दिवस मी स्विचबोर्डला सांगत होते की काय?

आणि तरी उठवेना. कुणीतरी बघतंय असं इतके दिवस वाटलं नव्हतं. आज कुणी बघत नाहीये असं वाटलं, आणि त्याची भीती वाटली. 

मग उठले. तुम्ही शिकवलं होतं ते बटण कॅमेऱ्यावर दाबलं, दाबून पळत जाऊन बसायचं ते. पळता आलं नाही, चालत गेले. मधोमध बसले, तुमच्यासारखी. गळ्याशी बटण सोडलं. मान उजवीकडे. हात खाली, गुडघ्यावर. तो खाली राहीना, दुसऱ्या हाताने धरून ठेवला. लाल दिवा लुकलुकत होता, लवकर लवकर, आणखी लवकर.

चट्.

फोटो पडद्यावर आहे. डावा दिवा नीट लावलाय मी. सावली कुठेच नाही.

आता हे लिहून टाकते. तुम्हालाही सांगितलं नव्हतं, रोज एवढी बडबड करून नाही सांगितलं. मला दुकान वाचवायचं नव्हतं. चार फोटोंत माझा जीव अडकलेला नाही. लेकीकडे गेले असते तर तिने पहिल्याच दिवशी माझी मान बघितली असती आणि मला दवाखान्यात नेलं असतं. इथे बघणारं कुणी नव्हतं, म्हणून मला इथे राहायचं होतं.

गाठ आहे. उन्हाळ्यापासून आहे. मला माहीत होतं.